लाल खडकात मागितलेलं घर

विहीणबाई, तुम्ही गेल्यापासून मी सिल्लोडला तुमच्या ओसरीवर बसून आहे आणि येणारा प्रत्येक माणूस मला तेच सांगतो आहे. फार शांत बाई होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी मान डोलावते. सुतकाच्या घरात वाद घालू नये एवढी रीत मलाही कळते. पण माझ्याशी तर तुम्ही लग्नाच्या याद्या झाल्या त्या दिवसापासून उलटून बोलत होतात, आणि तेही असं हळू आवाजात, हसत हसत, की समोरच्याला आपला अपमान झाल्याचं घरी गेल्यावर कळावं. हा तुमचा गुण इथं कुणालाच माहीत नाही असं दिसतं. माझ्यासाठीच राखून ठेवला असेल तर उपकारच म्हणायचे.

मीनल आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तुमची लेक अमेरिकेतून विमानं बदलत येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, तुमच्या दिरांनी अग्नी दिला. ती आली ती सरळ तुमच्या खोलीत गेली आणि तुमचं पांघरूण उशाला घेऊन झोपली. तिला एकटीला सोडवेना म्हणून मीही इथंच राहिले. व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळं माझ्या निखिलला निघता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं त्याला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगून टाकलं की आता आपण परत यायचं, कायमचं. आईपाशी वेळेवर पोचले नाही, निदान सासूसासऱ्यांच्या बाबतीत तरी तसं होऊ देणार नाही. मी तिकडची नोकरी सोडते, तू तिकडचं आवर. माझा मुलगा तिकडून हो हो म्हणत होता.

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? चिकलठाण्याच्या आमच्या घरावर वरचा मजला मी चढवला तो कुणासाठी? फरशी बसवली, मीनलला आवडतो म्हणून स्वयंपाकघराला फिकट हिरवा रंग दिला आणि कुलूप लावून ठेवलं. हे किती वर्षं म्हणताहेत की भाडेकरू ठेवू या, जागा मोडकळीला येईल. मी ऐकलं नाही. तुम्हाला ते माहीत होतं. दर रविवारच्या फोनवर तुम्ही न चुकता विचारायचात, "वरच्या मजल्यावरचे उंदरं भाडं देतेत का वेळेवर?" आणि मी चिडून फोन यांच्या हातात द्यायची. पोरं परत यावीत हे माझं म्हणणं, पोरं तिकडंच रुजू द्यावीत हे तुमचं. एकच लेक, नवरा जाऊन इतकी वर्षं झालेली, मोठ्या घरात तुम्ही एकट्या, आणि तरी हट्ट असा उलटा. मला तो कधी उमगला नाही असं मी म्हणत आले. ते पूर्ण खरं नव्हतं.

मीनल फोनवर बोलली तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. हातातली कपबशी खाली ठेवून मी मनातल्या मनात वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडूनही आले. आणि लगेच तुमचा चेहरा आठवला, त्या लाल खडकांमधला, उन्हानं रापलेला, डोक्याला रुमाल बांधलेला.

अमेरिकेला जायला आपण दोघीही तयार नव्हतो. पोरांनी दोघींना एकदमच बोलावून घेतलं होतं. यांना गुडघ्यांमुळं विमानात बसवत नाही, म्हणून मी एकटी, आणि तुम्ही तर एकट्याच. विमानात शेजारी बसून आपण एवढ्या अदबीनं वागलो की हवाई सुंदरीनं आपल्याला अनोळखी समजून जागा बदलून देऊ का असं विचारलं. तिकडं गेल्यावर एक दिवस निखिलनं जाहीर केलं की शनिवारी तंबूत राहायला जायचं. पोरांच्या शहरातून तासाभर गाडी हाकली की नेवाडाच्या वाळवंटात लाल खडकांचं भलंमोठं उद्यान आहे, तिथं चालायचं, फिरायचं, उघड्यावर राहायचं. तुम्ही तुमच्या त्या हळू आवाजात म्हणालात, "आपल्याकडं लोक उन्हातनं सावलीत यायला धडपडतेत. हे पैसे भरून उन्हात जातेत व्हय?" त्या दिवशी पहिल्यांदा मी तुमच्या बोलण्यावर मोकळेपणानं हसले, कारण त्या वेळी टोमणा माझ्यासाठी नव्हता.

पण खडक दिसले आणि तुम्ही गाडीच्या काचेला नाक लावलंत. मीही लावलं. एवढा लाल रंग मी दगडात कधी पाहिला नव्हता. ओल्या विटेसारखा, मधूनच गुलाबी, मधूनच पिवळट पट्टे, आणि सगळीकडं वाऱ्यानं पाडलेली भोकं. झाड म्हणावं असं एकही नाही, गुडघ्याएवढी काटेरी झुडपं आणि वर निळंशार आभाळ. तुम्ही गाडीतून उतरलात, खडकाला हात लावलात, नखानं खरवडून पाहिलंत आणि म्हणालात, एवढा मऊ दगड आणि कुणी लेणं कोरलं नाही? अजिंठ्याला माहेर असलेल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय. मीनलनं सांगितलं की कोरलंय, थोडं पुढं चला. खरंच एका उंच कड्यावर फार जुनी, रेघारेघांची चित्रं होती. सगळी माणसं वर माना करून अर्थ लावत उभी होती. तुम्ही एकदा बघितलंत आणि म्हणालात, मेंढरं आहेत. दुपारी तशीच वळलेल्या शिंगांची रानमेंढरं समोरच्या कड्यावर उभी राहिली तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी नजर फिरवली, उगाच तुम्हाला चढवून कशाला ठेवायचं.

तंबूवरून आपलं झालं ते पोरं अजून सांगतात. एका तंबूत पोरं, दुसऱ्यात आपण दोघी. आत शिरायचं तर आधी कोण? तुम्ही म्हणालात, मुलाकडचे आधी. मी म्हटलं, वयानं तुम्ही मोठ्या. तुम्ही म्हणालात, मान तुमचा. असं दाराशी वाकून उभं राहून आपण मानपान करत राहिलो आणि तेवढ्यात वाऱ्यानं अर्धी लाल माती आत जाऊन बसली. मग त्या चेन लावायच्या गोधडीत तुम्ही शिरलात, चेन गळ्यापर्यंत ओढलीत आणि अडकलात. "कापूस भरल्यावाणी भरलंय मला," म्हणालात. मी चेन सोडवत होते आणि तुम्ही हसत होतात. त्या दिवसानंतर लग्नात माझ्या नणंदेला दिलेल्या हलक्या साडीचा विषय मी पुन्हा काढला नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण चालायला निघालो. तुम्ही लुगड्याखाली मीनलचे खेळायचे बूट घातले होते, डोक्याला कापूस वेचताना बायका बांधतात तसा रुमाल आणि पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं. पोरांच्या महागड्या बाटल्यांमधलं पाणी तापलं तेव्हा सगळे तुमचंच पाणी प्याले. वाट वाळूतून निघून उघड्या खडकावर चढत होती. खडकावर पाऊल उमटत नाही, म्हणून तिथं जागोजागी दगडावर दगड ठेवून वाटेची खूण केली होती. एक रास दिसली की तिच्याकडं जायचं, तिथून पुढची दिसते. निखिलनं मला हे समजावून सांगितलं होतं. तुम्ही मागं होतात, तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

चढ लागल्यावर तुम्ही म्हणालात, तुम्ही व्हा पुढं, मी दम खाते. आम्ही वळणापर्यंत गेलो, टोकावरून खालची रंगीत दरी पाहिली, फोटो काढले आणि परत आलो तर तुम्ही जागेवर नाही. मीनल घाबरली. हाका मारल्या. आणि मग मला दिसलं की वाटेपासून उजवीकडं, एका अरुंद घळीच्या दिशेनं, नव्या राशी उभ्या आहेत. नीटस, सपाट दगड निवडून, मोठ्यावर लहान अशा रचलेल्या. शेवटची तर चांगली मांडीएवढी उंच. तिच्यापलीकडं सावलीत तुम्ही पाय पसरून बसला होतात आणि तुमच्यासमोर एक म्हातारं गोरं जोडपं दाण्याचे लाडू खात बसलं होतं. ते बिचारे खुणेच्या राशी समजून तुमच्या मागं आले होते आणि घळीच्या तोंडाशी वाटच संपली होती. पुढं जायला जागा नाही म्हटल्यावर तुम्ही त्यांना हातानं बसा म्हणालात आणि पिशवी उघडलीत.

निखिलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुम्ही मात्र खुशीत होतात. मीनलला म्हणालात, आपली रीत इथंही आहे की. देवीच्या डोंगरावर जाताना वाटेच्या कडेला दगड रचून घर मागतात ना, तशी माणसांनी खालपासून घरं मागून ठेवलीत, मग मीही मागितलं. थोड्या वेळानं टोपी घातलेली उद्यानाची रखवालदार बाई आली. तिनं फार चांगल्या शब्दांत सांगितलं की असं करू नका, माणसं वाट चुकतात आणि या उन्हात वाट चुकणं जिवावर बेततं. राशी मोडून टाकाव्या लागतील. मीनलनं तुम्हाला समजावलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मग खालची ती घरं नाय व्हय? नुसत्या खुणा?" तुम्हाला त्याचंच वाईट वाटलेलं दिसलं. एवढ्या माणसांतून घर कुणीच मागितलं नव्हतं.

मी तेव्हा विचारलं, की तुम्ही कुणासाठी मागितलंत. तुम्ही म्हणालात, पोरांसाठी. मी म्हटलं, पोरांचं घर तयार आहे, चिकलठाण्याला. तुम्ही रुमालानं तोंड पुसलंत आणि शांतपणे म्हणालात, "म्हून तर हितं मागितलं. जिथं पायजेल तिथंच मागावं लागतं."

विहीणबाई, मग त्या राशी मी मोडल्या. घरात मी इतक्या उत्साहानं कधी झाडूही मारला नसेल. तुम्ही मागून येऊन प्रत्येक दगड उचलत होतात आणि त्याची वाळूत उमटलेली खळी शोधून परत तिथंच, त्याच कुशीवर ठेवत होतात. उंच रास मी ढकलली तेव्हा वरचा दगड तुमच्या पायापाशी गडगडत आला. तुम्ही तोही उचलून त्याच्या खळीत नेऊन ठेवलात. मला वाटलं, आता ही बाई आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही. आणि मला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलंही नाही.

संध्याकाळी पोरं पाणी भरायला गेली. ऊन उतरलं होतं, पण खडक अजून ऊबदार होते. तुम्ही लोखंडी शेगडीवर भाकरी टाकत होतात आणि मी रागानं कांदा चिरत होते. मीच तोंड उघडलं. विचारलं, की तुम्हाला लेक नको आहे का जवळ. उद्या तुम्हाला काही झालं तर कोण आहे? मला वाटलं तुम्ही हसण्यावारी न्याल. तुम्ही भाकरी उलटवलीत आणि माझ्याकडं न बघता बोललात. तुमचं ते बोलणं मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे.

"मी शहरात नर्सचं शिकत व्हते, इहीणबाई. कुणाला सांगत नाय मी. आय आजारी पडली म्हून निरोप आला, तशी आले. आय त्याच उन्हाळ्यात गेली. मंग बाप एकटा म्हून ऱ्हायले. मंग भाऊ ल्हान. मंग लगीन. मला कुणी आडवलं नाय. सगळे लई चांगले व्हते. नुसतं परत जा म्हणायचं कुणाला सुचलं नाय."

मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, तो काळ वेगळा होता. आणि कांदा संपला होता तरी सुरी चालवत राहिले. तुम्ही वाद वाढवला नाहीत. पहिली भाकरी माझ्या ताटात वाढलीत, मुलाकडची म्हणून. पोरं आली, जेवणं झाली, निखिलनं चटणीचं तोंडभरून कौतुक केलं. मला तुम्हाला उत्तर द्यायचं होतं, ते तिथून पुढं मी दर रविवारी देत राहिले, पण ते खरं उत्तर नव्हतं. मला माझा मुलगा हवा होता, एवढंच होतं.

त्यानंतर आपलं जे झालं त्याला काय म्हणायचं मला कळत नाही. मैत्रीण म्हणावं तर विहिणींची मैत्री होते असं कुणी ऐकलेलं नाही. पण बाजाराच्या दिवशी सिल्लोडहून येणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही मक्याची कणसं धाडायला लागलात आणि दवाखान्यासाठी शहरात आलात की पाहुण्यांकडं न उतरता माझ्याकडं उतरायला लागलात. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला आठवडाभर राहिलात, त्या वरच्या मजल्यावर नाही, खाली माझ्याच खोलीत. डोळ्याला पट्टी आणि तोंड चालू. औषध घालताना मी ओरडायची, तुम्ही म्हणायचात, नर्सचा हात असा जड नसतो. मला तुमची सवय लागली होती, विहीणबाई. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यावरही तुम्ही काहीतरी बोलला असतात.

आता कालचं सांगते. तेरावं झालं, पाहुणे गेले. मीनल ओसरीवर बसून फोनवर कामावरच्या माणसांना राजीनाम्याचं लिहीत होती. तुम्हाला माहीत आहे ती काय काम करते. त्या वाळवंटातल्या शहराला पाणी कुठून आणायचं, कसं पुरवायचं, हे ठरवणाऱ्यांत तुमची लेक बसते. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन धावलेली पोरगी. तुमचं हे सगळ्या सिल्लोडला सांगून झालं होतं, मलाच कितीदा सांगितलंत.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, ते लिहू नकोस. तिनं वर बघितलं. मी म्हटलं, महिनाभर राहा, आईचं सगळं नीट आवर, रड, झोप, आणि मग परत जा. तिला वाटलं मी मन मोठं करून बोलते आहे. म्हणाली, आई, तुमचीच तर इच्छा होती. मी म्हटलं, होती, आणि आहे. खोटं बोलणार नाही, तुम्ही दोघं वर राहायला आलात तर मी सगळ्या चिकलठाण्याला पेढे वाटीन. पण हे तू आईसाठी करते आहेस, आणि आई आता नाही. नंतर सासऱ्यांचे गुडघे, मग माझं काहीतरी, असं एकामागून एक येतच राहील. तुला कुणी अडवणार नाही. म्हणून मी आज बोलते आहे.

तुमची गोष्ट मी तिला सांगितली. तिला ती माहीत नव्हती. तिच्याही कानावर तुम्ही एवढी वर्षं ती घातली नव्हतीत, आणि मला, ज्या बाईनं तुमच्या राशी ढकलल्या तिला, सांगितलीत. मीनल खूप रडली. आल्यापासून पहिल्यांदा रडली. रडताना म्हणाली की मग तुमचं कोण बघणार. मी म्हटलं, बघू. पोरांनी परत यावं हे माझं म्हणणं तुझ्या आईनं कधी मानलं नाही, तूही मानू नकोस.

मग तिनं फोन बाजूला ठेवला. डोळे पुसले आणि विचारलं, आईच्या घराची किल्ली तुम्ही ठेवाल का? आमच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी पाणी प्यायचं तरी आपला मान राखून प्यायचं, आणि मी तुमच्या घराची किल्ली पदराला बांधून घेतली.

रात्री निखिलला मीच कळवलं. तो म्हणाला, तू खरंच म्हणतेस का? त्याच्या आवाजातला सुटलेपणा मला कळला. आईला कळतोच. फोन ठेवला आणि तुमच्या खाटेवर बसले. वाद तुम्ही जिंकलात. माझा मुलगा तिकडंच राहील, माझ्या तोंडानं सांगितलं म्हणून राहील. उद्या रविवार आहे. मला तुमचा असा राग आला आहे की तुम्हाला चांगलं सुनवायचं आहे, आणि फोन लावायला तुम्ही नाही.